उणीव नेमकी कोणती? : दात, हिरड्या आणि पूरक पोषण यांविषयी प्रस्तावना

हिरडीतून रक्त आले की घरातले कोणीतरी म्हणते, ‘सी व्हिटॅमिन कमी पडत असेल.’ दात ठणकला किंवा हलायला लागला की कॅल्शियमचे नाव निघते, आणि तोंड आले की बी-कॉम्प्लेक्सचे. तिन्ही सल्ल्यांमागे समजूत एकच आहे: तोंडात बिघाड झाला म्हणजे शरीरात काहीतरी कमी पडले, आणि कमी पडलेले गोळीने भरून काढता येते. ही समजूत वेडगळ मुळीच नाही. क जीवनसत्त्वावाचून हिरडी टिकत नाही आणि कॅल्शियमवाचून दात घडत नाही, हे शास्त्राने केव्हाच पक्के केले आहे. पण टिकणे वेगळे आणि घडणे वेगळे. दात आयुष्यात एकदाच घडतो. हिरडी मात्र रोज थोडी झिजते आणि रोज थोडी नव्याने विणली जाते. पूरक पोषणाचा सगळा विचार या फरकापासून सुरू व्हायला हवा. वर्धा जिल्ह्यात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे सुपारी-तंबाखूचा खर्रा. म्हणून या पुस्तिकेच्या आरंभी एकच मुद्दा नीट मांडावा असे वाटते. पूरक गोळी उणीव असेल तिथेच आणि उणीव असेल तेवढीच कामी येते. तेव्हा कोणती गोळी घ्यावी हे विचारण्याआधी उणीव कोणती आणि ती कशाने झाली, हे विचारले पाहिजे. आपल्याकडे या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ताटाइतकेच पानठेल्यावर शोधावे लागते.

आधी दाताचे पाहू. दुधाच्या दातांची पहिली खूण गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यातच दिसू लागते. वयाच्या सहाव्या वर्षी उगवणारी कायमची पहिली दाढ जन्माच्या सुमाराला खनिज धरू लागलेली असते. अक्कलदाढा सोडल्या तर बाकी सगळ्या कायमच्या दातांचे वरचे कवच, म्हणजे इनॅमल, साधारण आठव्या वर्षापर्यंत पुरे होते. हे कवच घडवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंतच असतात, नंतर त्या उरत नाहीत. उगवलेल्या दाताच्या कवचात रक्तवाहिनी नसते, जिवंत पेशीही नसते. त्यामुळे आईच्या पोटात आणि पहिल्या सात-आठ वर्षांत कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व किंवा प्रथिने कमी पडली, तर त्याची नोंद कवचावर कायमची राहते: कुठे पातळ जागा, कुठे खड्डे, कुठे पांढरे-तपकिरी पट्टे. अशा कवचाला कीड लवकर लागते. डेन्मार्कमध्ये गरोदर स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत शेवटच्या तिमाहीत रोज २,४०० युनिट जादा ड जीवनसत्त्व दिले गेले. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या दातांतले कवचाचे दोष इतर मुलांच्या मानाने जवळपास निम्मे आढळले. हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी २०१३ साली फिलिप हुजोल यांनी मुलांना ड जीवनसत्त्व देऊन केलेल्या २४ जुन्या-नव्या चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. दातांची कीड बरीच घटते असे त्यांना दिसले, पण चाचण्यांचा दर्जा सारखा नसल्याने या निष्कर्षावर भार किती टाकावा याविषयी त्यांनी स्वतःच सावध केले. एवढे मात्र खात्रीने म्हणता येते की पोषणाने दात मजबूत करण्याचा काळ असतो, तो गर्भापासून पहिल्या इयत्तांपर्यंतचा असतो, आणि तो सरला की परत येत नाही.

मग चाळिशीतल्या माणसाने दातांसाठी कॅल्शियमची गोळी घ्यावी की नाही? इनॅमलच्या आत ते कॅल्शियम नेणारी वाट आता उरलेली नसते. उगवलेल्या दाताला जी डागडुजी मिळते ती बाहेरून, लाळेतून आणि पेस्टमधल्या फ्लोराइडच्या मदतीने. गोळीचा तिथे संबंध येत नाही. यावर आक्षेप येतो तो जबड्याच्या हाडाचा, आणि तो रास्त आहे. दात ज्या हाडात रुतलेला असतो ते हाड जिवंत असते, वयाबरोबर विरळ होते. अमेरिकेत वृद्धांवर झालेल्या एका चाचणीत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांचे दात कमी पडले, हे २००१ साली प्रसिद्ध झाले आहे. ती माणसे पासष्टीच्या पुढची होती आणि हाडे ठिसूळ होण्याच्या वयात होती. त्यांच्याबाबत उणीव खरी होती, म्हणून पूरकही खरे ठरले. तिशीतल्या माणसाच्या किडलेल्या दाढेला हा दाखला लागू पडत नाही. तिथे साखर, जंतू आणि वेळ यांचे काम चाललेले असते.

आपल्या घरांतली सर्वांत पक्की समजूत बाळंतपणाची आहे. बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, म्हणून प्रत्येक बाळंतपणात दात कमजोर होतात, असे सासू सुनेला आणि सून पुढे आपल्या सुनेला सांगत आली. गरज पडली तर बाळ आईच्या हाडांतून कॅल्शियम घेते, पण दातांतून घेत नाही, कारण दातातले खनिज रक्तात परत जाण्याची सोयच नाही. गरोदरपणात हिरड्या सुजतात आणि रक्त येते, त्यामागे संप्रेरकांमुळे हिरडी जंतूंना जास्त तीव्र उत्तर देते हे कारण असते. कीड वाढते ती वारंवार थोडे-थोडे खाण्याने, ओकाऱ्यांतल्या आम्लाने आणि मळमळते म्हणून ब्रश टाळल्याने. याच ठिकाणी कोणी विचारील की मग सरकार गरोदर बाईला कॅल्शियम का देते? चौदाव्या आठवड्यापासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत दिवसाला दोन गोळ्या, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड जीवनसत्त्व, असे धोरण २०१४ पासून आहे. त्याचा मुख्य हेतू गरोदरपणात वाढणारा रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके टाळण्याचा आहे, आणि ज्या समाजात कॅल्शियम कमी खाल्ले जाते तिथे या हेतूमागचा पुरावा भक्कम आहे. ती गोळी प्रत्येक गरोदर बाईने घ्यावी. फक्त तिच्या भरवशावर हिरड्यांतल्या रक्ताकडे दुर्लक्ष करू नये, एवढेच इथे म्हणायचे आहे. आशाताईंनी गोळी देतानाच ‘हिरडीतून रक्त येतं का?’ हा प्रश्न विचारला तर तो प्रश्नही गोळीइतकाच मोलाचा ठरेल.

हिरडीची गोष्ट वेगळी आहे आणि इथे पूरक पोषणाचा दावा अधिक बळकट आहे. हिरडी आणि दाताला हाडाशी बांधणारे तंतू कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असतात. शरीरातल्या फार थोड्या ठिकाणी कोलॅजन इतक्या वेगाने मोडते आणि परत बनते. ते बनवताना क जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही तर जुने तंतू मोडत राहतात, नवे धड विणले जात नाहीत, हिरड्या फुगून जांभळ्या होतात आणि दात हलू लागतात. हाच स्कर्व्ही. जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टराने १७४७ साली संत्री-लिंबे देऊन तो बरा होतो हे दाखवले, आणि या जीवनसत्त्वावरच्या कामासाठी अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ साली नोबेल मिळाले. या इतिहासात एक बारकावा आहे आणि तो आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. १९३९ साली बॉस्टनमधल्या जॉन क्रँडन या तरुण शल्यवैद्याने स्वतःवर प्रयोग केला आणि सहा महिने क जीवनसत्त्व नसलेले अन्न खाल्ले. त्याच्या त्वचेवर स्कर्व्हीची चिन्हे उमटली, केलेली जखम भरून येईना; हिरड्या मात्र फारशा बिघडल्या नाहीत. स्कर्व्हीच्या रुग्णांतही ज्या जागी दात पडून गेलेले असतात तिथली हिरडी फुगत नाही, फुगते ती दातांभोवतीची. म्हणजे उणीव हिरडीला दुबळी करते, आणि त्या दुबळेपणाचा फायदा घेतो तो दातावरचा जंतूंचा चिकट थर. दोन्ही कारणे एकत्र आली की नुकसान होते. यांतले एकच कारण गोळीच्या आवाक्यात येते.

कोणी म्हणेल की स्कर्व्ही ही जहाजांवरची जुनी गोष्ट, आजच्या माणसाला तिचे काय? या आक्षेपाला उत्तर देणारा पुरावा पूरकांच्या बाजूचा आहे आणि तो लपवून चालणार नाही. हुजोल यांनीच २०२१ साली सहा देशांतल्या १५ चाचण्या आणि अमेरिकेतल्या आठ हजारांहून अधिक लोकांच्या आरोग्य पाहणीची माहिती एकत्र तपासली. ज्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या हिरड्यांतून जास्त रक्त येत होते, आणि पूरक दिल्यावर ते कमी झाले. ज्यांच्या रक्तात ते आधीच पुरेसे होते, त्यांना जादा मात्रेने फरक पडला नाही. स्कर्व्ही होण्याइतकी नसलेली, अर्धवट राहिलेली उणीव हिरडीला भोवते हे यावरून मान्य करावे लागते. अशी उणीव कोणाकडे असते? फळे आणि कच्च्या भाज्या ज्यांच्या वाट्याला येत नाहीत त्यांच्याकडे, आणि तंबाखू सेवन करणाऱ्यांकडे, कारण तंबाखू शरीरातले क जीवनसत्त्व जास्त वेगाने खर्ची घालते. इथे आपण वर्ध्याच्या पानठेल्यावर येतो.

सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्याबाहेर फारसा कोणाला माहीत नाही. या पट्ट्यात तो शेताच्या बांधापासून कचेरीच्या पायरीपर्यंत सगळीकडे आहे. देशव्यापी तंबाखू पाहणीत २०१६-१७ साली महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरताना आढळले, धूम्रपान करणारे मात्र ३.८ टक्के. ग्रामीण वर्ध्यातल्या किशोरवयीनांविषयीची एक पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दोन तृतीयांश मुलग्यांनी आदल्या महिन्यात तंबाखूचा कुठला ना कुठला प्रकार वापरल्याचे सांगितले, आणि त्यांतल्या बहुतेकांचा प्रकार खर्राच होता. मुलींत हे प्रमाण बरेच कमी होते, पण ज्या वापरत होत्या त्यांतल्या पुष्कळजणी तंबाखूच्या मंजनाने दात घासत होत्या. दात स्वच्छ व्हावेत म्हणून हिरडीवर तंबाखू चोळणाऱ्या मुलीला पूरक पोषणाविषयी सांगायचे, तर ते कुठून सांगायला सुरुवात करायची, हा प्रश्न या पुस्तिकेला टाळता येणार नाही. गुटखा आणि पानमसाल्यावर महाराष्ट्राने २०१२ साली बंदी घातली आणि नंतर सुगंधित तंबाखू व सुपारीही तिच्यात आणली. खर्रा मात्र घटक सुटे आणून गिऱ्हाइकासमोर घोटला जातो, म्हणून तो बंदीच्या चिमटीत नीट सापडत नाही.

सुपारीमुळे तोंडाच्या आतल्या आवरणाखाली जो रोग होतो त्याला तोंडाचा सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. श्वार्ट्झ यांनी १९५२ साली पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांत त्याचे वर्णन केले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत जोशी यांनी. सावंगी (मेघे) येथल्या शरद पवार दंत महाविद्यालयातून या रोगावर पुष्कळ संशोधन झाले आहे, कारण रोगी दाराशीच आहेत. आधी तोंडाची आग होते, तिखट झोंबते. मग गाल पांढुरके आणि ताठ होतात. शेवटी तीन बोटे उभी मावायची त्या तोंडात एक मावते. या रोगाची घडण समजली की पूरकांचा प्रश्न एकदम उलटा दिसतो. स्कर्व्हीत कोलॅजन नीट बनत नाही. इथे ते गरजेहून जास्त बनते आणि मोडतच नाही. सुपारीतले आरेकोलिन तंतू बनवणाऱ्या पेशींना चेतवते, आणि सुपारीतले तांबे त्या तंतूंना एकमेकांत घट्ट बांधणाऱ्या विकराला जोर देते. म्हणजे या तोंडातली मुख्य अडचण कमतरतेची नसून अतिरेकाची आहे, आणि अतिरेकाचा पुरवठा रोज पन्नीत बांधून येतो. एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांचा सतरा वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांतल्या ७.६ टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगजनक ठरवली आहे.

यावर दंतवैद्यच आक्षेप घेतील, की आम्ही या रुग्णांना लोहाच्या गोळ्या, बहुजीवनसत्त्वे, लायकोपिनच्या कॅप्सूल देतो आणि त्यांचा उपयोग होतो. होतो, हे खरे आहे. टोमॅटोला लाली देणाऱ्या लायकोपिनवर आणि हळदीतल्या कुर्कुमिनवर भारतात झालेल्या लहान-मोठ्या चाचण्यांत आग कमी झालेली आणि तोंड काही मिलिमीटर जास्त उघडलेले दिसते. या रुग्णांत रक्तक्षय पुष्कळ आढळतो, आणि लोह कमी असेल तर तोंडाचे अस्तर पातळ होते, म्हणून लोह देणे योग्यच आहे. पण या चाचण्यांत खर्रा सोडण्याचा सल्ला उपचाराचाच भाग असतो. जो सोडत नाही त्याच्या तोंडात गोळी एका हाताने देते आणि सुपारी दुसऱ्या हाताने काढून घेते. आणखी एक गोष्ट इथल्या माणसाला लगेच कळेल. आग होऊ लागली की माणूस पहिल्यांदा हिरव्या मिरचीचा ठेचा सोडतो. मग अंबाडीची आंबट भाजी, मग चिंच, बोरे, लिंबू, संत्रे, आणि तोंड उघडेना झाले की जांबाचा, म्हणजे पेरूचा, घास घेणेही सोडतो. विदर्भाच्या ताटात क जीवनसत्त्व जिथून जिथून येते ते सगळे झोंबणारे, आंबट किंवा कचकचीत असते. मऊ भात आणि पातळ वरणावर आलेल्या माणसाच्या रक्तात उणीव दिसते, डॉक्टर गोळी लिहून देतो, आणि सगळ्यांना वाटते की आजार उणिवेने झाला. घटनाक्रम बहुतेक वेळा याच्या उलटा असतो.

हळदीचा उल्लेख आलाच आहे तर वायगावविषयी थोडे सांगितले पाहिजे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तिच्यात कुर्कुमिन भरपूर असते ही तिची ख्याती आहे. जिल्ह्याने या हळदीचा अभिमान जरूर बाळगावा. पण कुर्कुमिन आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि चाचण्यांतल्या मात्रा फोडणीतल्या चिमूटभर हळदीच्या कितीतरी पट असतात. ‘आमच्या भाजीत हळद असतेच’ म्हणणारा आणि खर्रा चालू ठेवणारा स्वतःची समजूत घालत असतो. अन्न हेच औषध हे वाक्य कानाला गोड लागते, पण मात्रा न पाहता ते वापरले तर त्याने गोळीच्या जाहिरातीइतकीच दिशाभूल होते. पारंपरिक आहाराची बाजू घेणाऱ्यांनीही हे मोकळेपणाने मान्य करावे, असे मला वाटते.

याच समजुतीचा अधिक घातक प्रकार चुन्याचा आहे. गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खाल्ला की कॅल्शियम मिळते आणि दात-हाडे मजबूत होतात, हा सल्ला लोकांत फिरत असतो आणि खर्रा खाणाऱ्याला तो फार सोयीचा वाटतो. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्यात कॅल्शियम आहे, यात वाद नाही. पण पाण्यात त्याचा क्षारपणा १२ पीएचच्या वर जातो आणि तो तोंडाचे नाजूक आवरण भाजतो. गालाच्या ज्या जागी खर्रा दाबून ठेवला जातो तिथली कातडी सुरकुतते आणि पांढरी पडते, त्यात चुन्याचा वाटा मोठा आहे. शिवाय तंबाखूतले निकोटिन सुटे होऊन रक्तात भराभर जावे, आणि सुपारीतल्या आरेकोलिनचे दुसऱ्या रूपात रूपांतर व्हावे, हे काम चुनाच करतो. कॅल्शियम हवे असेल तर वाटीभर दही, मूठभर तीळ, शेवग्याचा पाला हे स्रोत घरातच आहेत. शंभर ग्रॅम पाल्यात तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते.

इथवर वाचून कोणी म्हणेल की हा सगळा पोटभर खाणाऱ्याचा उपदेश झाला. मजुरी करणाऱ्याला फळे परवडत नाहीत, गोळी दोन-चार रुपयांत मिळते. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याचे उत्तर शोधायला वर्ध्याबाहेर जावे लागत नाही. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे वर्ध्यातल्या मगनवाडीत पडले. गांधीजी १९३५ साली तिथे राहत होते आणि जे. सी. कुमारप्पा संघाचे काम पाहत होते. गिरणीत सडलेल्या तांदळाऐवजी हातसडीचा तांदूळ, साखरेऐवजी गूळ, आणि गावात फुकट उगवणाऱ्या पालेभाज्या, त्यांतल्या काही कच्च्या, हा आहार गरिबाला परवडतो का हे त्यांनी मगनवाडीच्या स्वयंपाकघरात करून पाहिले आणि ‘हरिजन’मधून लिहिले. त्याच दशकात कुन्नूरच्या प्रयोगशाळेत डब्ल्यू. आर. ॲक्रॉइड भारतीय अन्नपदार्थांतली जीवनसत्त्वे मोजत होते आणि १९३७ साली त्यांचे कोष्टक छापले गेले. मगनवाडीतल्या सगळ्याच मतांवर शास्त्राने शिक्का मारला असे नाही. गूळ साखरेहून पौष्टिक असला तरी दातांवरच्या जंतूंना तो साखरेइतकाच आवडतो, हे आज नीट माहीत आहे. पण त्यांचा प्रश्न बरोबर होता: या गावच्या माणसाला काय कमी पडते, आणि ते याच गावात मिळते का? आज राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवे. शंभर ग्रॅम जांबात दोनशेच्या वर आणि तेवढ्याच आवळ्यात अडीचशेच्या आसपास असते. म्हणजे अर्ध्या जांबात दिवस निघतो. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. बाजारात न खपलेला बारीक माल तिथे मातीमोलाने जातो. जांब-संत्री नसतील त्या महिन्यांत जेवताना वरणात पिळलेले लिंबू आणि वरून घातलेला कच्चा सांबार (कोथिंबीर) रोजच्या गरजेचा काही भाग भरून काढतो. भाजी शिजवताना तिच्यातले बरेच क जीवनसत्त्व जाते, म्हणून ‘वरून’ आणि ‘कच्चा’ या शब्दांना इथे अर्थ आहे. गोळीचे पैसे वाचवायला हे सांगत नाही. दोन-चार रुपयांच्या गोळीपेक्षा खर्ऱ्याची पुडी महाग आहे, आणि ती दिवसातून अनेकदा घेतली जाते. ज्या घरात फळांना पैसे नाहीत त्या घरातले पैसे कुठे जातात, हा हिशेब कष्टाचा असला तरी मांडावा लागतो.

गोळ्या घेतल्याच तर नुकसान काय, हा शेवटचा मोठा प्रश्न. पुष्कळदा काही नाही, कधीकधी बरेच. क जीवनसत्त्वाची चघळायची गोळी आम्ल असते. ती रोज दातांत घोळवत राहिले तर इनॅमल विरघळते, म्हणजे हिरडीसाठी घेतलेली वस्तू दाताला मारते. तिच्यात ५०० मिलिग्रॅम असते, गरजेच्या सहापट, आणि जादा बहुतेक लघवीवाटे जाते. मुलांसाठीच्या गोड, चिकट जेलींत साखर असते आणि ती दाढेच्या खाचेत तासन्तास बसते. फ्लोराइडच्या बाबतीत आपल्या भागाने जास्तच सावध असावे. शेजारच्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत अनेक गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे जाते, आणि तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. पाश्चात्त्य देशांत कीड टाळायला मुलांना फ्लोराइडच्या गोळ्या देण्याची पद्धत होती. गावचे पाणी तपासल्याशिवाय ती इथे आणणे धोक्याचे आहे. पेस्टमधले फ्लोराइड वेगळे, ते दातावर बाहेरून काम करते आणि थुंकून टाकले जाते. सत्तर चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात अशा पेस्टने मुलांची कीड सुमारे चोवीस टक्क्यांनी घटलेली आढळली, आणि दातांसाठी विकल्या जाणाऱ्या एकाही पोषक गोळीमागे इतका पुरावा नाही. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापावे लागते. बाटली हातात घेणाऱ्याने त्या बारीक अक्षरांवर एकदा नजर टाकावी.

पुढच्या प्रकरणांचा क्रम याच विचाराने ठरला आहे: आधी गरोदर आई आणि लहान मूल, कारण दाताचे भवितव्य तिथे ठरते; मग हिरडी, मग खर्रा आणि तोंड न उघडणे, आणि पूरकांची माहिती त्यांच्यामागून. शाळेवर मात्र एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा शाळेतच निळी गोळी दिली जाते, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची. रक्तक्षय टाळायला ती हवीच, आणि तोंडाच्या अस्तरालाही तिचा उपयोग आहे. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. सुपारीचा उल्लेख त्या कलमात नाही. वर्गात गोळी गिळून मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर गेलेल्या मुलाच्या हाती काय पडते, हे शिक्षक, पालक आणि ग्रामपंचायत या तिघांना रोज डोळ्यांनी दिसते, आणि त्या प्रकरणातली बोलणी त्यांच्याशीच आहेत.